अन्येहो टकीला पारखताना : ग्वादालाहारातल्या नोंदी

शनिवार, ५ एप्रिल २०२५

जुलैमध्ये पुण्यात मामाची साठी आहे. मामा व्हिस्कीवाले. मी नोकरीसाठी इथे मेक्सिकोत, ग्वादालाहाराला आल्यापासून त्यांचं एकच मागणं, "तिकडची एक चांगली बाटली आण, पण मला ते मीठ-लिंबू चाटायला लावू नकोस." म्हणजे मुरलेली टकीला हवी, अन्येहो. दुकानात गेलो तर अन्येहोची अख्खी भिंत, सहाशे पेसोंपासून सुरू होणारी. विक्रेता ज्या बाटलीचं कौतुक करत होता तिचं बूच माझ्या मुठीएवढं होतं. म्हटलं, आधी पारखायला शिकू, मग घेऊ. हाच खटाटोप कुणाला करायचा असेल त्याच्यासाठी या नोंदी.

आज फक्त लेबलं वाचली. पहिली चाळणी 'शंभर टक्के अगावे' या ओळीची (अगावे म्हणजे टकीला जिच्यापासून बनते ती वनस्पती). ती नसेल तर निळ्या अगावेची साखर किमान ५१ टक्के असली की पुरते, बाकीची उसाची चालते. अशा बाटल्या बाजूला. दुसरी चाळणी वयाची: रेपोसादो ओकमध्ये किमान दोन महिने, अन्येहो किमान एक वर्ष, एक्स्ट्रा अन्येहो किमान तीन वर्षं. शेवटच्या दोघांना पीप ६०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही. एक्स्ट्रा अन्येहो हा वर्ग २००६ मध्ये आला, तेव्हा त्यावर 'पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा' लिहिलेलं दिसलं तर ते जाहिरात खात्याचं काम समजावं.

तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची. प्रत्येक बाटलीवर 'नोम' आणि चार आकडी क्रमांक असतो, तो डिस्टिलरीचा. ब्रँड कुठलाही असो, माल कुठे बनला ते त्यावरून कळतं. आरान्दास गावातल्या ला आल्तेन्या डिस्टिलरीचा क्रमांक ११३९, आणि तो तापातियोवरही दिसतो, एल तेसोरोवरही. भिंतीवरच्या बऱ्याच 'वेगवेगळ्या' बाटल्या एकाच छपराखालून आल्यात हे त्यातून उघड झालं.

खरेदी: 'अ' घराच्या तिन्ही, ब्लांको (न मुरवलेली), रेपोसादो आणि अन्येहो (लोस आल्तोस भागातलं टकीला बनवणारं घर, विटांच्या भट्टीत शिजवणारं), मिळून १,७२० पेसो. 'ब' म्हणजे ती मोठ्या बुचाची अन्येहो, १,१५०. तिची ब्लांको बाजारात नाहीच. 'क' ही एक्स्ट्रा अन्येहो, २,४००. निम्मे पैसे रूममेटने घातले. नावं मुद्दाम लिहीत नाही.

शनिवार, १२ एप्रिल

पहिली बैठक पूर्ण वाया.

संध्याकाळी सात वाजता बसलो. नुकतीच डाळीला लसणाची फोडणी दिली होती. खिडक्या उघड्या होत्या तरी फोडणी ती फोडणी, घरभर तासन्‌तास राहते. पेले म्हणजे इथले उभे, अरुंद काबायितो. त्यात नाक जात नाही. गेलंच तर स्पिरिटची चरचर तेवढी कळते. वर पेल्यांतला रंग समोर दिसत होता. 'ब' सगळ्यात गडद, तांबूस सोनेरी. दोघांनी एकमताने तीच 'सगळ्यात जुनी' ठरवली.

रंगावरून वय काढणं कसं फसवं आहे ते नंतर नीट समजून घेतलं. टकीलाची बहुतेक पिपं अमेरिकेतून येतात. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीला कायद्याने नवं, आतून जाळलेलं ओक लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली सुमारे दोनशे लिटरची पिपं विकायला निघतात. इथे तीच पिपं पुन्हा पुन्हा भरतात. चारपाचदा भरलेल्या पिपातली दोन वर्षांची टकीला फिक्या गवती रंगाची असू शकते. उलट बाजूने, नियम चार गोष्टी मिसळू देतात: कॅरॅमल रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक. वजनाच्या एक टक्क्यापर्यंत हे लेबलवर सांगायची सक्ती नाही.

यापुढचे नियम: सकाळी अकराच्या सुमाराला, न्याहारीला फोडणीचं काही नाही, तासभर आधी कॉफी आणि टूथपेस्ट बंद. तळाशी फुगीर, तोंडाशी निमुळते चार पेले घेतले, ४८० पेसो. उंच शँपेन पेलाही चालतो, इथले बरेच जण तोच वापरतात. पेल्यात ३० मिलि, मग पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. रंग लपवायला पेल्यांना बाहेरून काळी चिकटपट्टी.

रूममेट नागपूरचा. पट्ट्या लावताना बघून म्हणाला, "काय बे, प्यायची हाये का पेपर तपासाचे हायेत?"

शनिवार, १९ एप्रिल

टकीला गावाला गेलो. ग्वादालाहारापासून साठ-पासष्ट किलोमीटर, पण ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याची सुट्टी, सगळं हालिस्को राज्य रस्त्यावर. अर्धा दिवस गाडीतच गेला, डिस्टिलरीच्या फेऱ्यांची तिकिटं संपलेली. ही आठवडाभराची सुट्टी टाळा, एवढंच सांगेन. ज्वालामुखीच्या पायथ्याची निळसर अगावेची शेतं (२००६ पासून जागतिक वारसा यादीत) रांगेत उभ्या गाडीतून निवांत पाहून झाली.

तरी ज्यासाठी गेलो ते मिळालं. रस्त्याकडेला शिजवलेल्या अगावेचे तुकडे विकतात, पिशवी ६० पेसोंना. तपकिरी, चिकट, दोरासारखे धागे. चावायचं, रस चोखायचा, चोथा थुंकायचा. भाजलेलं रताळं आणि काकवी यांच्या मधली चव, मागून किंचित हिरवट, देठासारखी. हीच ती चव, जी बाटलीत शोधायची आहे. अगावे तयार व्हायला साधारण सहा-आठ वर्षं लागतात आणि पिपातला मुक्काम बहुतेक वेळा एक-दोन वर्षांचा. मुरलेल्या टकीलात त्या सहा-आठ वर्षांचं काही उरलंय का, की नुसतं लाकूडच पितोय, हाच माझ्या पारखण्यातला मुख्य प्रश्न.

उरलेले तुकडे फ्रीझरमध्ये टाकले. वासाच्या बरण्याही केल्या: लवंग, सुकं खोबरं, व्हॅनिलाची शेंग, काळी मिरी, आणि एकीत अगावे. लवंग आणि खोबरं उगाच नाही. लवंगेतलं युजेनॉल ओकमध्येही असतं, आणि अमेरिकन ओकमधल्या लॅक्टोनमुळे खोबऱ्याचा वास येतो. व्हॅनिलिन तर लाकडातून निघतंच. म्हणजे या तीन बरण्या पिपाच्या, मिरी आणि अगावे आतल्या मालाच्या. आपल्या नाकाला मसाल्याचा डबा पाठ असतो, त्याचा इथे फायदा होतो.

शनिवार, ३ मे

आजची बैठक जमली. ती नीट लिहून ठेवतो, कारण कुणी एकच गोष्ट उचलायची म्हटली तर ही उचलावी.

अन्येहोपासून सुरुवात करायचीच नाही. 'अ' घराच्या तिन्ही ओळीने ठेवल्या आणि आधी ब्लांको घेतली. नाकाला ओला हिरवा वास, मिरी, मागे शिजलेलं अगावे, आणि खारवलेल्या ऑलिव्हसारखं काहीतरी. जिभेच्या कडांना मिरीची चुणचुण, मग गोडसर शेवट. रेपोसादोत तेच सगळं, पण कडा गोलावलेल्या आणि व्हॅनिला नुकता डोकावणारा. मग अन्येहो. पहिल्या वासाला खोबरं आणि लवंग, अगावे कुठेच नाही. इथे मी गेल्या वेळी थांबलो असतो. यावेळी ब्लांकोचा पेला पुन्हा हुंगून लगेच अन्येहोवर आलो, आणि लाकडाच्या पाठीमागे तीच मिरी, तेच अगावे सापडलं. ओळखीचा माणूस कोट घालून आला तरी चालीवरून कळतो, तसं. ब्लांको आधी भेटली नसती तर हे कधीच हाती लागलं नसतं.

मग पाणी. अन्येहोत तेवढंच पाणी घातलं, म्हणजे अल्कोहोल साधारण निम्म्यावर. व्हिस्कीचे मिश्रणतज्ज्ञ वीस टक्क्यांच्या आसपास आणून वास घेतात, तीच युक्ती. आधी नळाचं पाणी वापरलं तर क्लोरीनचाच वास, तो पेला बेसिनमध्ये. वीस लिटरच्या कॅनमधलं पाणी घेऊन पुन्हा केलं. चरचर गेली आणि अगावे पुढे आलं, खोबरं मागे सरकलं.

'ब'वर हेच केलं. पाण्याआधी: व्हॅनिला, लोण्यातली टॉफी, मऊ, गोड. छान लागते, खोटं कशाला बोलू. पाण्यानंतर व्हॅनिला तेवढाच, टॉफी तेवढीच, आणि त्यांच्या मागे काहीच नाही. पाऊण तासाने पुन्हा हुंगलं, वासात फरक शून्य. 'अ' मात्र तेवढ्या वेळात बदलत होती. शेवटी रिकामा पेला हुंगला तर त्यात नुसतं भाजलेलं अगावे. रिकामा पेला धुवायची घाई करू नका. पुढे प्रत्येक बैठकीत त्यानेच सगळ्यात जास्त सांगितलं.

थुंकायला स्टीलचं पातेलं ठेवा. सगळं गिळलं तर तिसऱ्या पेल्यानंतरच्या नोंदी कचऱ्यात टाकायच्या लायकीच्या होतात.

शनिवार, १० मे

संशय आला की मोजावं. अल्कोहोल मोजायचा काचेचा तरंगता मापक आणि उभं नळकांडं, ३९० पेसो. तर्क असा: अल्कोहोल आणि पाण्याशिवाय साखर, ग्लिसरीन असं काही विरघळलेलं असेल तर द्रवाची घनता वाढते आणि मापक लेबलपेक्षा कमी आकडा दाखवतो. ढोबळ हिशेब, ४० टक्क्यांच्या आसपास लिटरमागे एक ग्रॅम पदार्थाला पाव टक्का.

मोजलं तर दोन्ही बाटल्या लेबलच्या वर! 'अ' ३.३ ने जास्त, 'ब' २.५ ने जास्त. दुपारभर डोकं खाजवलं. रूममेटचं म्हणणं, "फुकटात जास्त देऊन राहिले, घे ना."

मापक २० अंशांसाठी बनवलेला असतो. खोलीत २९ अंश. द्रव गरम झाला की पातळ होतो आणि मापक बुडतो. अंशाला सुमारे ०.४ टक्का. नऊ अंशांचे झाले ३.६. मे महिन्यात ग्वादालाहारात खोलीच्या तापमानावर हे करण्यात अर्थच नाही. नळकांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून, थर्मामीटरवर २० आल्यावर पुन्हा वाचलं: 'अ' लेबलपेक्षा ०.३ ने कमी, 'ब' १.१ ने कमी. म्हणजे 'ब'मध्ये लिटरमागे चारेक ग्रॅम ऐवज. मापकाच्या चुकीला आणि लेबलच्या सवलतीला जागा ठेवूनही दोघींमधला फरक खरा वाटतो.

शनिवार, १७ मे

पडताळा म्हणून सुकवून बघितलं. दोन स्टीलच्या वाट्या, ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर वजन करून, प्रत्येकीत १०० मिलि. गॅसवर अजिबात ठेवू नका, वाफ पेट घेते. मी गच्चीवर सावलीत ठेवल्या, वरून जाळी. काही दिवसांनी गेलो तर 'ब'च्या वाटीला मुंग्यांची रांग आणि 'अ'च्या वाटीकडे एकही फिरकलेली नाही. मुंग्यांची साक्ष कुठल्या प्रयोगशाळेत धरत नाहीत, पण मला ती पटली. वजन मात्र गेलं, कारण मुंग्या खाऊनही गेल्या होत्या आणि वाटीत बसूनही राहिल्या होत्या. मोजलेला माल वाया.

पुन्हा केलं. बाल्कनीत विजेच्या शेगडीवर, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात वाट्या ठेवून, शेजारी कुठलीही ज्योत नाही. 'अ': ०.१२ ग्रॅम. कोरडा, ठिसूळ, तपकिरी थर, जिभेला कडू आणि तुरट. ओकमधून उतरलेलं असंच लागणार. मुरलेल्या टकीलात शून्य कधीच येत नाही. 'ब': ०.४२ ग्रॅम. सुकतच नाही, बोटाला तार सुटते, गोड. ग्लिसरीन २९० अंशांना उकळतं, ते असेल तर वाटीतच राहणार. अगावेची साखर ऊर्ध्वपातनात वर चढत नाही, म्हणून ही गोडी नंतर आलेली. मापकाचा आकडा आणि वाटीचा आकडा जुळले.

यात बेकायदा काही नाही. मुरलेल्या टकीलाला लिटरमागे पाच ग्रॅमपर्यंत कोरडा अवशेष चालतो आणि 'ब' त्याच्या आतच आहे. प्रश्न एवढाच की १,१५० पेसो मी पिपाच्या वेळेला मोजतोय की पाकाला.

तळहातावर टकीला चोळून चिकट लागते का बघायची इथे एक लोकप्रिय पद्धत आहे. केली. दोन्ही बाटल्यांनी हात सारखेच चिकटले. सोडून द्या.

शनिवार, ३१ मे

ऑफिसातला आरान्दासचा सहकारी म्हणाला, वाट्या सुकवत बसण्यापेक्षा जिभेला शिकव. चांगल्या बाटलीत स्वतःच भेसळ कर आणि ओळखून दाखव.

बेकरीच्या सामानाच्या दुकानातून खाण्याचं ग्लिसरीन आणलं, ८५ पेसो. पहिल्या वेळी १०० मिलि अन्येहोत १ मिलि घातलं. ते लिटरला साडेबारा ग्रॅमच्या वर जातं. कफ सिरप झालं. मग आधी पातळ द्रावण केलं: १० मिलि टकीलात १ मिलि ग्लिसरीन आणि १ ग्रॅम साखर, त्यातलं १.५ मिलि १०० मिलि 'अ' अन्येहोत. लिटरमागे तीन ग्रॅमच्या आसपास. वर व्हॅनिलाच्या अर्काचा एक थेंब.

चाचणी त्रिकोणी: तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा, मांडणारा दुसरा माणूस. नुसत्या नशिबाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून सहा फेऱ्यांत किमान पाच बरोबर आल्याशिवाय 'मला कळतं' म्हणू नये. मला सुरुवातीला कळत नव्हतं. वासावर भर देत होतो आणि एका थेंबाचा व्हॅनिला पिपाच्या व्हॅनिलात सहज लपतो. फरक चवीच्या शेवटात होता. साध्या 'अ'ला गिळल्यावर जिभेच्या कडांना मिरी आणि तुरटपणा राहतो. भेसळीच्या पेल्यात तिथे मऊ पडदा पडतो, शेवट लवकर मिटतो आणि ओठांवर गोडी उरते. तिकडे लक्ष द्यायला लागल्यावर पाचाचा आकडा गाठला.

सहकाऱ्याला सगळे बरोबर आले, तेही गप्पा मारत. वर मला विचारतो, "तुमच्याकडे अगावे नाही का?" सांगितलं, आहे, घायपात म्हणतात, दख्खनच्या माळावर आणि बांधावर उगवते, आणि तिच्यापासून गोव्यात मद्यही बनतं. टकीला मात्र म्हणता येत नाही. ते नाव हालिस्को आणि इतर चार राज्यांतल्या ठरावीक भागांपुरतं.

शनिवार, १४ जून

पाऊस सुरू झाला, खोली २४ अंशांवर आली, नाकालाही आराम.

'क' आज उघडली. तीन वर्षांच्या वर पिपात राहिलेली. सुकामेवा, तंबाखूचं पान, जुन्या लाकडी कपाटाचा वास. पाणी घालूनही अगावे पुसटच. मापकावर प्रामाणिक निघाली, लेबलपेक्षा फक्त ०.४ ने कमी, त्यामुळे पाकाचा आरोप नाही. पण हालिस्कोची हवा स्कॉटलंडसारखी थंड नाही. उघड्या कोठारात लाकूड झपाट्याने उतरतं आणि तीन वर्षांत लाकडाचंच राज्य होतं. डोळे बांधून दिली तर मी चांगली बर्बन म्हणेन. रूममेटला हीच आवडली. त्याचे निम्मे पैसे वसूल, माझे नाहीत.

'अ' अन्येहोची बाटली एप्रिलपासून उघडी, तिसरा हिस्सा उरलाय. मिरी बोथट झाली, खोबरं वाढलं. पारखायची असेल तर बाटली निम्म्याच्या वर असतानाच पारखा, किंवा उरलेली छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा.

मामांसाठी 'अ' अन्येहो, नवी, ७८० पेसो. सोबत त्याच घराची ब्लांको घ्यायची की नाही यावर घरात वाद झाला, घेतली, ४२०. ब्लांको आधी चाखल्याशिवाय अन्येहो त्यांना व्हिस्कीची धाकटी बहीण वाटेल. दोन्ही ७५० मिलिच्या, म्हणजे दीड लिटर. भारतात दोन लिटरपर्यंत करमाफ आहे. चेक-इन सामानात, प्रत्येक बाटली दोन जीन्समध्ये गुंडाळून. बुचावर चिकटपट्टी मारली आहे, कारण ही बुचं दाबून बसवलेली असतात आणि विमानात सैल होऊ शकतात.

शिकण्याचा खर्च, माझ्या निम्म्या 'क'सकट: ५,०८५ पेसो, पेट्रोल वेगळं. पुन्हा करायचं झालं तर 'क' घेणार नाही, पेले आणि मापक पहिल्याच दिवशी घेईन, आणि 'ब'सारखी ब्लांको न विकणारी बाटली सरळ शेल्फवरच ठेवीन. क्रिस्टालिनो, म्हणजे मुरवून मग कोळशातून गाळून पांढरी केलेली, राहिलीच. सहकारी म्हणतो तिच्यावर पैसे घालू नकोस. त्याच्या घरून एक पेला आणून देणार आहे, तेव्हा मापक तयार ठेवलाय.